जाड टायरची मोटरसायकल आणि पुण्याभोवतीच्या कच्च्या वाटा: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

सासवडकडच्या मुरमाड चढावर किंवा पानशेतच्या मागच्या लाल वाटेवर नेहमीची गाडी गोट्यागणिक उडते आणि हँडल हातातून निसटायला बघतं. त्याच वाटेवर हवा कमी केलेला जाड टायर गोटा पोटात घेतो आणि पुढे सरकतो. वेग असतो ताशी पंधरा-वीस किलोमीटर, दोन्ही पाय हवे तेव्हा जमिनीला टेकवता येतात आणि पडलंच तर गाडी हळू पडते. नवख्याला धीर येतो तो यामुळे. जाड टायरचं सगळं आकर्षण या संथ, भरवशाच्या चालीत आहे.

मात्र आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. टायरच्या रुंदीपेक्षा त्यातली हवा जास्त महत्त्वाची आहे. जाड टायर तुम्हाला हवा कमी करायची मुभा देतो. ती मुभा वापरली नाही, तर तो फक्त एक जड टायर उरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

पायरी १: जाड टायर कशाला म्हणायचं

आपल्याकडे गॅरेजमध्ये 'फॅट टायर टाकून द्या' म्हटलं की बहुतेक वेळा १४०/६०-१७ किंवा त्याहून रुंद रस्त्याचा टायर चढवला जातो. कच्च्या वाटेसाठी त्याचा काही उपयोग नाही. टायरवरचे आकडे वाचायला शिका, म्हणजे कारण समजेल. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी. दुसरा आकडा टायरच्या भिंतीची, म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंतच्या बाजूची, उंची रुंदीच्या किती टक्के आहे, ते सांगतो. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे १४०/६०-१७ टायरची भिंत १४० च्या ६० टक्के, फक्त ८४ मिलिमीटर उंच. एवढ्या बुटक्या भिंतीत हवा कमी केली की पहिल्याच धारदार दगडाला रिम आपटते.

आता खऱ्या जाड टायरची गाडी बघा. यामाहाची टीडब्ल्यू २०० अमेरिकेत १९८७ पासून विकली जाते. पुढे १३०/८०-१८, मागे १८०/८०-१४. मागच्या टायरची भिंत भरते १४४ मिलिमीटर. तिच्या शेजारी हीरोच्या एक्सपल्स २०० चा मागचा १२०/८०-१८ ठेवा. भिंत ९६ मिलिमीटर. गंमत म्हणजे दोन्ही टायरचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच आहे, एकाचा साधारण ६४४ आणि दुसऱ्याचा ६४९ मिलिमीटर. फरक एवढाच की यामाहाने रिम लहान केली आणि ती जागा हवेला दिली. जाड टायरच्या गाडीची सगळी रचना या एका निर्णयात आहे.

सुझुकीची व्हॅनव्हॅन याच मापाच्या टायरवर चालते. होंडाने १९८६-८७ च्या सुमारास फॅट कॅट नावाची गाडी काढली होती. अमेरिकेतली रोकॉन तर दोन्ही चाकांना ताकद देणारी आहे. तिची ड्रमसारखी पोकळ चाकं पाणी किंवा इंधन साठवायला वापरता येतात आणि ती रिकामी असली तर गाडी पाण्यावर तरंगते. वेग जेमतेम ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास. शेत, जंगल, शिकार अशा कामांसाठी बनलेलं यंत्र आहे ते. घाईच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पायरी २: हवा आणि पकड यांचं गणित

हे गणित एकदा स्वतः कागदावर करून बघा. टायर जमिनीला जेवढा टेकतो, ते क्षेत्रफळ ढोबळमानाने 'टायरवरचं वजन भागिले हवेचा दाब' एवढं असतं. गाडी १३० किलो आणि स्वार ७५ किलो धरला तर एकूण २०५. त्यातले सुमारे ११३ किलो मागच्या चाकावर येतात. ३० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. ११३ ला २.१ ने भागलं की ५४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताहूनही कमी जागा. हवा १२ पीएसआयवर आणा, तेच क्षेत्रफळ १३४ चौरस सेंटिमीटर होतं. टायरच्या भिंतीचा ताठपणा मध्ये येतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमी भरतात. पण दिशा हीच.

या सूत्रात टायरची रुंदी कुठेच नाही, हे लक्षात आलं का? हवा सारखी असेल तर अरुंद आणि रुंद टायर जवळपास सारखंच क्षेत्र टेकवतात. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंदाचा आडवा, एवढाच फरक. रुंद आणि उंच टायरचा खरा फायदा असा की १२ पीएसआयलासुद्धा रिम जमिनीपासून लांब राहते. अरुंद टायर इतक्या हवेवर न्याल तर दगडाला रिमची कड वाकेल, किंवा ट्यूबला सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतील. अशी जोड-भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि रिमने ट्यूब चिमटली, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ३: गाडी निवडा, टायर नंतर

टीडब्ल्यू २०० आणि व्हॅनव्हॅन कंपन्यांनी भारतात आणल्या नाहीत. म्हणून पुण्यातल्या नवख्याने इथे मिळणारी, मुळातच कच्च्या वाटेसाठी बनलेली गाडी घ्यावी आणि तिच्यावर जाड टायरचं तत्त्व जमेल तेवढं लागू करावं. काही मापं सोबत ठेवा. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७. हिमालयन ४५० मागे १४०/८०-१७. चाकणला बनणारी ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स पुढे १००/९०-१९, मागे १४०/८०-१७. १४०/८० ची भिंत ११२ मिलिमीटर, म्हणजे टीडब्ल्यूच्या १४४ च्या बरीच खाली, पण ८४ च्या कितीतरी वर.

आमचं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी हलकी गाडी घ्या. मुळशीच्या चिखलात आडवी पडलेली १६० किलोची गाडी एकटा माणूस दोन-तीनदा उचलू शकतो. १९० च्या पुढे गेलात की दुसऱ्या वेळेलाच कंबर बोलते. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकतात का, हे शोरूममध्ये बूट घालून तपासा.

टायरचं माप वाढवायचं असेल तर एकच पायरी वाढवा, १२० चा १३०. त्याआधी तीन गोष्टी मोजा. पहिली, रिमची रुंदी. प्रत्येक टायर कंपनीच्या तक्त्यात त्या मापाला चालणारी रिमची रुंदी दिलेली असते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, वरचा भाग फुग्यासारखा गोल होतो आणि रुंदी वाढूनही टेकणारी पट्टी बारीकच राहते. पैसे फुकट. दुसरी, मोकळी जागा. टायर आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), टायर आणि चेन, टायर आणि मडगार्ड यांत रस्त्यासाठी १० मिलिमीटर पुरतात. कच्च्या वाटेसाठी १५ पेक्षा कमी नको, कारण तिथे माती बसते. चाक सगळ्यात पुढे असताना मोजा. तिसरी, कायदा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार गाडीत करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. स्विंगआर्म कापून १८० चा टायर बसवून देणारे मिळतात. त्या वाटेला जाऊ नका. आरटीओ तर आहेच, शिवाय अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही प्रश्न येतो.

टायर निवडताना नक्षी बघा. गुठळ्या मोठ्या आणि दोन गुठळ्यांमधलं अंतर जास्त, असा टायर मातीत चालतो. रस्ता आणि कच्ची वाट निम्मी-निम्मी असेल तर मध्यम गुठळ्यांचा घ्या. पुण्यातून निघताना पहिले तीस-चाळीस किलोमीटर डांबरच असतं, आणि पूर्ण गुठळ्यांचा टायर ओल्या डांबरावर, विशेषतः कात्रजच्या वळणांवर, दगा देतो.

पायरी ४: चाक तयार करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

ट्यूबच्या टायरमध्ये हवा कमी केली आणि गिअरमध्ये जोर दिला की टायर रिमवर हळूहळू सरकतो. टायरबरोबर ट्यूब सरकते. ट्यूबचा वॉल, म्हणजे हवा भरायची नळी, मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. तो तिरका होत जातो आणि शेवटी मुळापासून फाटतो. असा फाटलेला वॉल कुठल्याही पॅचने जुळत नाही, ट्यूब फेकूनच द्यावी लागते.

आता आपल्या गाडीच्या वॉलकडे खाली वाकून बघा. वॉलवर एक चपटा नट असतो, आणि बहुतेक पंक्चरवाले तो रिमला घट्ट आवळून देतात. तो सोडा आणि वर फिरवत नेऊन टोपीला टेकवा. नट रिमला आवळलेला असला तर वॉल वरून सरळ दिसतो आणि आत मुळाशी फाटत राहतो. नट टोपीपाशी असेल तर टायर सरकताच वॉल उघड तिरका होतो. दर थांब्याला एक नजर टाका. वॉल रिमला काटकोनात असेल तर ठीक. घड्याळातल्या एकच्या काट्यासारखा कललेला दिसला तर हवा पूर्ण काढा, टायर रिमवरून सैल करा, सरळ करून पुन्हा भरा. अर्ध्या तासाच्या या कामाने नवी ट्यूब वाचते.

टायर सरकू नये म्हणून रिम लॉक मिळतो. रिमला आणखी एक भोक पाडून आतून टायरची कड रिमवर आवळून धरणारा हा तुकडा आहे. मागच्या चाकाला एक पुरतो. त्याच्या वजनाने चाकाचा तोल जातो, म्हणून समोरच्या बाजूला तेवढंच वजन लावून घ्या, नाहीतर महामार्गावर गाडी थरथरते.

हवेचे आकडे असे ठेवा. डांबरावर कंपनीने स्टिकरवर छापलंय तेच. घट्ट कच्च्या रस्त्यावर, ट्यूबच्या टायरमध्ये पुढे २२ आणि मागे २४. सुट्या मुरमात आणि गोट्यांत १८ आणि २०. रिम लॉक असेल तर वाळूत आणि चिखलात १४ ते १६ पर्यंत. रिम लॉक नसेल तर नवख्याने १८ च्या खाली उतरू नये. अलॉय रिमवरच्या ट्यूबलेस टायरलाही हीच मर्यादा पाळा, कारण त्याची कड एकदा रिमवरून निसटली की छोट्या पंपाने ती परत बसत नाही, कॉम्प्रेसरच लागतो. १८०/८०-१४ सारख्या खऱ्या जाड टायरला १० ते १४ चालतं. वजनदार स्वाराने किंवा सामान असल्यास या प्रत्येक आकड्यात २ मिळवा.

काटा मात्र चांगला हवा. ० ते १०० पर्यंतचा काटा १५ च्या आसपास काहीच सांगत नाही, ० ते ३० किंवा ० ते ६० चा घ्या. पेट्रोल पंपावरच्या यंत्रावर विसंबू नका. आणि हवा नेहमी गार टायरमध्ये मोजा. खेड-शिवापूरपर्यंत महामार्गाने तापून आलेला टायर घरच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. तेव्हाच १८ वर आणला की गार झाल्यावर १५ वर उतरतो. म्हणून कच्ची वाट सुरू होते तिथे आधी चहा घ्या, पंधरा मिनिटांनी हवा काढा.

एक सोपी सवय लावून घ्या. घरी टायर २८ वर भरा, वॉलची पिन दहा सेकंद दाबा, पुन्हा मोजा. तुमच्या टायरला दहा सेकंदांत किती हवा जाते हे वहीत लिहून ठेवा. वाटेत मग वारंवार मोजत बसावं लागत नाही.

पायरी ५: सोबत काय न्यायचं

टायरचे तीन लिव्हर, वॉलची पिन काढायची चावी, पॅच आणि सोल्यूशन, घासायला खडबडीत कागद, आपल्या चाकाच्या नटांचे पाने, बॅटरीवर चालणारा छोटा पंप. त्याची वायर बॅटरीपर्यंत पोचते का, हे घरी बघा. जास्तीची ट्यूब एकच न्यायची असेल तर पुढच्या चाकाची २१ इंची न्या. अडीनडीला ती १७-१८ च्या मागच्या टायरमध्ये घडी पडू न देता बसवता येते आणि हळू चालवत गावापर्यंत येता येतं. मागची मोठी ट्यूब मात्र पुढे बसत नाही.

पुरंदर, दौंड, बारामतीकडे बाभळीचा काटा हा मोठा शत्रू आहे. कुंपणाला टाकलेल्या वेड्या बाभळीच्या फांद्या वाऱ्याने पाणंदीत येऊन पडतात. कमी हवेचा मऊ टायर काटा आणखी आत ओढून घेतो. काटा सापडला तरी टायरच्या आतून बोट फिरवायचं ते कापडाचा बोळा धरून, कारण त्याच टायरमध्ये दुसरा काटा हमखास असतो. तो राहिला तर नवी ट्यूबही पाचशे मीटरवर बसते.

हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघा आणि कोपराचे पॅड, हातमोजे. यात काटकसर करायची असेल तर जॅकेटमध्ये करा, बुटांमध्ये नको. हळू वेगातल्या पडण्यात गाडी पायावर येते. दोन लिटर पाणी, आणि किमान आणखी एक गाडी सोबतीला. एकट्याने कच्च्या वाटेला जाऊ नये.

पायरी ६: मैदानावरचे पहिले चार रविवार

पहिल्या रविवारी हवा कमी करू नका. मोकळ्या मुरमाड मैदानावर उभं राहून गाडी चालवायला शिका. फुटरेस्टवर चवड्याने उभे राहा, गुडघ्यांनी टाकी हलकी धरा, कोपरं बाहेर, नजर वीस पावलं पुढे. हँडलवर भार देऊ नका. हँडल फक्त दोन बोटांनी धरूनही तोल राहतो का, बघा. राहिला तर तुम्ही बरोबर उभे आहात.

दुसऱ्या रविवारी आठाचा आकडा काढा, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, मागचा ब्रेक हलका धरून. आठ लहान करत न्या. मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय गाडीत असेल तर इथे बंद करून मागचं चाक घसरताना कसं वाटतं ते अनुभवा. पुढचा चालूच ठेवा.

तिसऱ्या रविवारी हवा काढा आणि तेच सगळं पुन्हा करा. आता जाड टायरचा स्वभाव कळेल. हँडल जड लागतं. वळणात गाडी झुकवली की ती स्वतःहून सरळ व्हायला बघते. उलट गोट्यांवर ती चिकटून चालते. वेग वाढवून बघा, ताशी चाळीसच्या पुढे ती खड्ड्यावरून चेंडूसारखी उसळते. कारण साधं आहे. शॉकअॅब्सॉर्बरमधलं तेल उसळी जिरवून टाकतं, टायरमधल्या हवेला तसं काही जमत नाही. ती नुसती स्प्रिंग आहे. म्हणून मऊ टायर आणि वेग यांचं जमत नाही, आणि कमी हवेवर डांबरी रस्त्याने घरी येणं तर धोक्याचंच. भिंती सतत मुडपून टायर तापतो.

चौथा रविवार चढासाठी. दुसरा गिअर, वजन पुढे, थ्रॉटल एकसारखा. चढावर गाडी बंद पडली तर क्लच दाबू नका. पुढचा ब्रेक धरा, गिअर तसाच ठेवा, क्लच सोडलेला राहू द्या. इंजिनच मागचं चाक धरून ठेवतं. मग चढाच्या वरच्या बाजूने उतरा, खालच्या बाजूने कधीच नाही. क्लच दाबला की गाडी मागे सरकायला लागते, आणि सरकणारी गाडी पायाने थांबवता येत नाही.

पायरी ७: पुण्याच्या चारी दिशांची माती

पूर्वेला, दौंड, बारामती, इंदापूरकडे काळी माती. कोरडी असेल तोवर तिच्यासारखी वाट नाही. पाऊस पडला की ती फुगते आणि चिकटते. इथे जाड टायर उपयोगी पडेल असं वाटतं, पण घडतं उलटं. पहिल्या पन्नास मीटरमध्ये गुठळ्यांमधल्या फटी भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. पुढच्या शंभर मीटरमध्ये मडगार्ड आणि टायर यांच्यात मातीचा थर दाबून बसतो. मग चाक फिरायचंच थांबतं आणि क्लच जळल्याचा वास येतो. रुंद टायर जास्त माती उचलतो, म्हणून आधी अडकतो. काळ्या रानात पाऊस लागला तर थांबा, बांधाच्या कडेला गवत असेल तिथून गाडी ढकलत डांबर गाठा. लाकडाची एक चपटी काठी जवळ असू द्या, माती खरवडायला तिच्याएवढं सोपं काही नाही.

दक्षिणेला पुरंदर, भोरकडे मुरूम आणि सुटे दगड. जाड टायरला सगळ्यात मानवणारी जमीन हीच, आणि नवख्याने सुरुवात इथूनच करावी. मुरूम पाणी पिऊन टाकतो, त्यामुळे पावसानंतर एक-दोन दिवसांत वाट पुन्हा चालण्याजोगी होते.

पश्चिमेला मुळशी, मावळ, वेल्हे. पावसाळ्यात लाल निसरडी माती आणि शेवाळलेला काळा बेसॉल्ट. ओल्या शेवाळावर कुठलाच टायर धरत नाही. १४ पीएसआयही नाही. तिथे गाडी शक्य तेवढी सरळ ठेवा, थ्रॉटल-ब्रेक काहीच हलवू नका, आधी मिळवलेल्या गतीवर पलीकडे जा. बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत एकदा शिरलात तर तिच्यातच राहा आणि नजर चाकोरीच्या टोकाला ठेवा. मध्येच बाहेर यायचा प्रयत्न केला की पुढचं चाक काठाला घासतं आणि गाडी आडवी होते. रुंद टायर अरुंद चाकोरीत दोन्ही काठांना घासतो, म्हणून शक्य असेल तिथे मधल्या उंचवट्यावरून चालवा.

ओढा ओलांडायचा तर आधी पायी उतरा. पाणी चाकाच्या आसापेक्षा वर असेल किंवा तळ दिसत नसेल तर परत फिरा. जाड टायरमध्ये हवा जास्त, म्हणून तो वाहत्या पाण्यात थोडा तरंगतो, आणि पाण्याला ढकलायला त्याची बाजूही मोठी मिळते. अरुंद टायर जिथे तळ धरून जातो तिथे जाड टायरची गाडी आडवी सरकू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्याकडचे ओढे तासाभरात चढतात. सकाळी ओलांडलेला ओढा संध्याकाळी तसाच मिळेल, असं धरून चालू नका.

पायरी ८: वाट कायद्याची आहे का

मोकळं माळरान म्हणजे कुणाची जमीन नाही, असं समजू नका. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत, कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा आणि लांडगे. गवतावर टायरचा एक फेरा गेला की पुढच्या पावसात तिथे ओघळ पडतो, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी गुठळ्यांखाली दिसतही नाहीत. ताम्हिणी आणि भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगडाच्या पायवाटा आणि कुठल्याही किल्ल्याचा चढ, इथे गाडी नेऊच नका. कोकणातल्या वाळूचाही मोह आवरा. वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि खारं पाणी चेन व स्पोक खातं ते वेगळंच.

मग जायचं कुठे? महाभूनकाशा या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर गावाचा नकाशा उघडा. जुन्या गावनकाशांत पायमार्ग तुटक एका रेषेने आणि गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला असतो. दुहेरी रेषा म्हणजे बैलगाडीची वहिवाट, आणि अशी पाणंद हीच आपली वाट. पायमार्गावर गाडी घालू नका. गावात शिरलात की पारावर थांबून एखाद्या वडीलधाऱ्याला 'काका, ही पाणंद पुढं निघते का?' असं विचारा. वाट कुठे वाहून गेली आहे, कुणी बांध घातला आहे, हे नकाशापेक्षा तिथे जास्त नीट कळतं. ऊसतोडीच्या दिवसांत पाणंदी ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी भरलेल्या असतात. बैल समोरून आले तर इंजिन बंद करून बाजूला उभे राहा. पेरलेल्या रानातून जाण्याचा प्रश्नच नाही.

पायरी ९: परतल्यावर

डांबर लागलं की तिथेच हवा भरा, घरी जाऊन भरू म्हणू नका. भरल्यावर दोन्ही वॉल सरळ आहेत का ते पुन्हा बघा. टोप्या लावा, टोपीच्या आतलं रबर चिखल आत जाऊ देत नाही.

गाडी त्याच दिवशी धुवा. काळी माती वाळली की सिमेंटसारखी होते. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनच्या कड्यांवर सरळ मारू नका, सील उलटतात. चेन रॉकेल किंवा डिझेल आणि मऊ ब्रशने साफ करा, पेट्रोल नको, कारण ते चेनमधल्या रबरी कड्या खातं. वाळल्यावर ९० नंबरचं गिअर ऑईल आतल्या बाजूने लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. चेनची ढिलाई मॅन्युअलप्रमाणे तपासा.

शेवटी स्पोक. चाक उचलून हळूहळू फिरवा आणि प्रत्येक स्पोकवर पान्याची दांडी हलकेच वाजवा. घट्ट स्पोक 'टिंग' वाजतो, सैल झालेला 'ठप'. एक-दोन सैल असतील तर पाव फेरा आवळा. चार-पाच सलग सैल लागले तर स्वतः हात लावू नका, रिम वाकडी होते. चाक काढून आरे ओढणाऱ्या कारागिराकडे न्या आणि पुढच्या रविवारच्या आत ते सरळ करून घ्या.